लांब्याची गोळी

ता. ११ फेब्रुवारी

चि. लांब्यास, आजीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. कान सोडून. कान आता डोक्याच्या दोन्ही बाजूंना शोभेपुरते उरलेत. म्हणून फोन बंद, पत्र सुरू. फोनवर तू काय बोलतोस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते तू ऐकत नाहीस, तेव्हा त्या यंत्राचा दोघांनाही उपयोग नाही.

मला अक्षर येत नाही. मी सांगणार आणि तुझी बायको लिहिणार. तू लिहिशील ते तीच माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून मोठ्याने वाचणार. म्हणजे तुझा शब्दन् शब्द तिच्या तोंडून बाहेर पडणार, हे आधीच सांगून ठेवते. नंतर म्हातारीने फसवलं म्हणून बोंब मारू नकोस. ती तुझ्याशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी पत्र कोणाकडून लिहून घ्यावं, हे मला कोणी शिकवायचं नाही.

(मी फक्त लिहिते आहे. यात माझं काही नाही.)

मी काही बोलले नाही तरी हिचा हात चालू होता, म्हणून विचारलं काय खरडलंस. म्हणाली, काही नाही, पेन चालतंय का बघितलं. बरं.

ठमी मजेत आहे. माझ्या हातावर डोकं ठेवून झोपते आणि सकाळी हात मला शोधावा लागतो. तुझ्या बायकोला इथल्या लॉजच्या धोबीघरात काम मिळालंय, चादरी घड्या घालायचं. घरी आली तरी हात थांबत नाहीत. परवा माझी शाल अंगावर असतानाच तिची घडी घालायला लागली.

आता मुद्द्याचं. त्या संध्याकाळी तू लेकीला बसथांब्यावर बसवून आलोच म्हणून गेलास आणि रस्त्यावरचे दिवे लागले तरी बारमधून उठला नाहीस. ते मी उगाळत नाही. तिथे बसलेली पोर अजून बस दिसली की आईचा पदर धरते, एवढंच सांगते. इथल्या शाळेत नाव घालायची मुदत एप्रिलअखेर आहे. तुझी बायको म्हणते, तोवर बघू. काय बघायचं ते ती सांगत नाही, पण तू आणि मी काही दुधखुळे नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी तू रोज घेतोस का, आणि बाटलीपासून लांब राहतोस का, हेच बघायचंय. तिच्या डोळ्यांसमोर गोळी घ्यायची असं ठरलं होतं. ती इथे आल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर घेतोस ते कळव.

जेवत जा. वाळलास की आणखी लांब दिसतोस.

माझा लोभ आहे, तुझा नसला तर उसना घे.

तुझी आजी

⁂

ता. १९ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून दाखवणाऱ्यांनाही नमस्कार. तो वाचायचा की गाळायचा, त्यांची मर्जी.

गोळी रोज घेतो. जिन्याखाली चपला शिवणारे म्हातारबाबा बसतात, त्यांच्यासमोर. ते आधी माझं तोंड उघडायला लावतात, मग जीभ उचलायला लावतात, आणि फाटका बूट बघावा तसं आत वाकून बघतात. मग मान हलवतात. दुरुस्त होण्यासारखा आहे की टाकाऊ, ते काही सांगत नाहीत.

आजी, तू कळव म्हणतेस म्हणून खरं ते लिहितो. ही गोळी सोपी नाही. तोंडात दिवसभर जुनी किल्ली चोखल्यासारखी चव असते, आणि त्या किल्लीला कोणीतरी लसूण चोळलेला. चहा तसाच लागतो, पाणीसुद्धा तसंच. श्वासालाही वास येतो म्हणे. मालक हल्ली माझ्याशी दारात उभं राहून बोलतात. दुपारी उभ्या उभ्या झोप येते. एकदा पॉलिश पेपर हातात धरून कपाटाला टेकलो तो तिथेच डोळा लागला, आणि मिस्त्रीने कपाट हलवून मला पाडलं. तळपायांना मुंग्या येतात. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले सकाळऐवजी संध्याकाळी घ्या, पाणी भरपूर प्या, झोप आणि चव हळूहळू कमी होईल, मुंग्या वाढल्या तर लगेच या. म्हणून आता म्हातारबाबा पेटी बंद करायला लागले की मी जिना उतरतो. झोपेचं थोडं बरं आहे. किल्ली मात्र तोंडातच आहे.

कामाचं म्हणशील तर मोठं काम आलंय. एका ऑफिसचं लांबच लांब टेबल, सगळे साहेब एकदम बसतील एवढं. त्याला आरशासारखं पॉलिश हवंय. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून मागच्या खोलीची दारं-खिडक्या बंद करून काम करतो. तिथेच गेल्या आठवड्यात एक चमत्कारिक झालं. एकदम तोंडावर गरम वाफ आल्यासारखं झालं, छाती अशी धडधडायला लागली की मिस्त्रीला ऐकू जाईल असं वाटलं, आणि बादलीत भडाभडा ओकलो. मिस्त्री म्हणाला, तोंड विटेसारखं लाल झालंय. बाहेर पायरीवर बसल्यावर निवळलं. पुन्हा दोनदा तसंच झालं. गोळीचाच आणखी एक नखरा असेल. सोसतो.

ठमीला माझा पापा. ती विचारते का माझं?

लोभ उसना घेतला आहे. परतफेडीची घाई करू नये.

तुझा लांब्या

⁂

ता. २६ फेब्रुवारी

चि. लांब्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र बादलीपर्यंत वाचून झालं आणि वाचणारी थांबली. मी म्हटलं पुढे वाच. तिने कागद फळीवर ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे तासाभरापूर्वीच घातले होते, टपटप गळत होते. तसेच घेऊन आली आणि घड्या घालत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने मला कानात सांगितलं. म्हणाली, लाल तोंड, धडधड, उलटी, हे नुसत्या गोळीने होत नाही. ही गोळी अंगात असताना दारू पोटात गेली की हे होतं. म्हणूनच तर ती देतात, माणसाला दारूची दहशत बसावी म्हणून. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे सांगितलं होतं, आणि तू तेव्हा मान हलवली होतीस.

ठमी विचारते का, असं तू विचारलंस. विचारते. आज सकाळीच विचारलं, बाबा अजून डुलतो का. मी म्हटलं, आता झोपेने डुलतो. हे मी विनोदाने म्हटलं होतं. आता मला तो विनोद वाटत नाही.

हे बघ, मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, आणि तेव्हाही खोटं बोलताना कान खाजवायचास. इथून मला तुझा कान दिसत नाही. तेव्हा सरळ विचारते. प्यालास का? प्यालास तर तसं लिही. मी काही मरणार नाही. ऐकून ऐकून माझं काळीज निबर झालंय.

लिहिणारीला विचारलं, तुला काही घालायचंय का यात. ती नाही म्हणाली. मग मीच घालते. ती काल शाळेत चौकशी करून आली.

लोभ आहे. आज जरा आकसलाय.

आजी

⁂

ता. ६ मार्च

ती. आजीस, सा. न.

नाही प्यालो.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तुम्ही दोघी त्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून पुढे लिहितो, आणि पुढचं वाचूनही ठेवणार नाही हे मला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणाले होते, दारूचा थेंबही नको. खोकल्याच्या औषधात असते, म्हणून महिनाभर खोकत राहिलो पण औषध घेतलं नाही. दाढीनंतर लावायच्या पाण्यात असते, ते म्हातारबाबांना देऊन टाकलं. ते आता चपलांपेक्षा छान वास मारत बसतात. बारचा रस्ता नको म्हणून बाजाराला वळसा घालून कामावर जातो. आणि तरी काल काय झालं ते ऐक. मागच्या खोलीत टेबलावर शेवटचे हात मारत होतो. नेहमीसारखीच स्पिरिटमध्ये लाख विरघळवली होती, कापसाचा बोळा भिजवून गोल गोल फिरवत होतो. दारं-खिडक्या बंद, डोळे चुरचुरतील इतका वास कोंडलेला. अर्ध्या टेबलापर्यंत आलो आणि पुन्हा तेच. या वेळी पायरीपर्यंत पोचलोच नाही. टेबलावरच पडलो, ओल्या पॉलिशवर. छातीचा आणि गालाचा ठसा उमटला त्या आरशात. मालक धावत आले. माझं लाल तोंड बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, कामावर पिऊन येणारा माणूस मला नको. मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. त्यालाही तेच वाटलं.

रविवारी घरी असतो तेव्हा असं काही होत नाही. पण हे कोणाला सांगू? चुगलखोर गोळी आहे ही. मी काही न करता रोज माझ्याविरुद्ध साक्ष देते. न पिताही प्यालेला ठरत असेन तर मुंग्या, किल्ली, झोप हे सगळं कशाला सोसू? कालपासून गोळी बंद केली आहे. म्हातारबाबांनी हाक मारली, मी वर बघितलं नाही.

शाळेत नाव घालायचं असेल तर घाला.

लांब्या

⁂

ता. ९ मार्च

चि. लांब्यास, अनेक अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, म्हणजे मी बोलतेय घाईत आणि ती लिहितेय त्याहून घाईत. आधी हे वाच: त्या बंद खोलीत पाऊल टाकू नकोस. आणि बाटलीला हात लावू नकोस. गोळी सोडली तरी तिचा अंमल अंगात पुष्कळ दिवस राहतो.

झालं असं. तुझं पत्र वाचता वाचता ही स्पिरिट या शब्दाशी अडखळली. पुन्हा वाचलं. मग उठून फळीवरची बाटली काढली, माझ्या पायाची जखम पुसायला नर्सबाई ठेवून गेल्यात ती. बाटलीवर पिऊ नये असं छापलंय म्हणे. ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, आजी, तेलाच्या डब्यावर कोणी हे छापत नाही, साबणावर छापत नाही. जे कोणीतरी पिण्यासारखं असतं त्याच्यावरच छापतात. तशीच लॉजच्या ऑफिसात गेली आणि तुझ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगायला लावलं म्हणे. मग त्यांनी विचारलं, तुमचे यजमान फर्निचरच्या दुकानात विक्रीला आहेत ना?

कारण तूच तिथे ताठ बसून सांगितलं होतंस, मी फर्निचरमध्ये आहे. पॉलिश करतो म्हणायला काय जीभ झडली असती? त्यांना वाटलं हा गिऱ्हाइकांना खुर्च्या दाखवतो. पॉलिशचं स्पिरिट म्हणजे दारूचीच सख्खी बहीण. बंद खोलीत तू ती दिवसभर नाकाने पीत होतास, आणि गोळीला काय कळतं नाक कोणतं आणि तोंड कोणतं? तिने आपलं काम केलं.

तू खरं बोलत होतास. मी तुला कान खाजवणारा म्हटलं. ते मी गिळते, आणि तुझ्या किल्लीएवढंच कडू लागतंय.

हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. ते गोळी बदलून देतील म्हणालेत. आणि तुझ्या मालकांना हे पत्र दाखव. त्यांना वाचता येत असेल तर.

लोभ सगळाच्या सगळा.

आजी

⁂

ता. २२ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दाराखालून आत पडलेलं होतं. मला ते उशिरा मिळालं, कारण मी दवाखान्यात होतो.

हे मला लपवता आलं असतं. तुम्ही तिकडे, मी इकडे, आणि म्हातारबाबा कोणाला सांगत नाहीत. पण मग पुन्हा तेच सुरू होईल. म्हणून लिहितो. मालकांनी काढलं, तुम्हीही मानलं नाहीत, तेव्हा दोन दिवस खोलीत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी वाटलं, सगळे म्हणतातच तर निदान खरं करून टाकू. बाजाराला वळसा घातला नाही. पहिला पेला संपायच्या आतच जमीन वर आली. गोळी अंगात होतीच. श्वास घेता येईना, हातपाय गार पडले. बारमधल्या पोऱ्याला नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या एका परक्या माणसाला माझी दया आली, त्याने रिक्षात घातलं. नर्सने नंतर सांगितलं की रक्तदाब इतका उतरला होता की तिने दोनदा मोजला.

डॉक्टर येऊन बसले. रागावले नाहीत. म्हणाले, काम कोणतं ते मीही नीट विचारायला हवं होतं. आता वेगळी गोळी दिली आहे. ही घाबरवत नाही, पिण्याची ओढच कमी करते. अंगातली जुनी उतरल्यावर सुरू केली. हिचा त्रास निराळा. पोटात सतत ढवळतं. जेवण पुढ्यात आलं की उमासा येतो. रिकाम्या पोटी घेऊ नका, थोडं थोडं खा, काही आठवड्यांत पोट सरावेल असं ते म्हणतात. कधी गोळी घेतल्या घेतल्या उलटून पडते. आणि कशातच चव नाही, नुसत्या तोंडाची नाही, मनाचीही. चांगलं काम झालं तरी आतून काही हलत नाही.

मालकांनी तुझं पत्र वाचलं. आजी, त्यांना वाचता येतं. परत घेतलं, पण बाहेरच्या अंगणात, लाकूड घासायला. पॉलिश आता दुसरा करतो. माझ्या ठशाचं टेबल त्याने पुन्हा पहिल्यापासून घासलं. बोळा कसा फिरवतो ते दारातून बघतो मी. कोपऱ्यात कच्चा आहे.

आता हे पुढचं वाचणाऱ्यांसाठी. पॉलिशचं तुम्ही ओळखलंत. तुम्ही ओळखलं नसतं तर मी अजून त्या खोलीत असतो. परत याल का? मुदत एप्रिलअखेर आहे, माझ्या लक्षात आहे.

उत्तराची वाट बघतो.

लांब्या

⁂

ता. ४ एप्रिल

चि. लांब्यास, आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण दोन माणसांचं उत्तर एका कागदावर मावेना. मी तुझ्या बाजूने भांडले. मोठ्याने भांडले, मला माझा आवाज ऐकू येत नसल्याने तो किती मोठा ते कळत नाही. वरच्या मजल्यावरचे खाली बघायला आले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग घडी घातलेलीच चादर उलगडून पुन्हा घडी घातली आणि जे म्हणाली ते मी तिलाच लिहायला लावतेय. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, सांगा, लिहिते.

ती म्हणते, तो प्यायला नव्हता तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, आणि मी विश्वास ठेवला तोवर तो प्यायला होता. यात त्याची चूक किती, माझी किती, हे मोजायचं नाही तिला. पण ती म्हणते, बादलीचं वाचलं तेव्हा मला शंकासुद्धा आली नाही, खात्रीच पटली. माझ्या मनात त्याच्यासाठी शंकेलाही जागा उरलेली नाही. अशा बाईने परत जायचं, रोज त्याच्या तोंडाकडे बघायचं, डोकं दुखलं म्हणाला की वास घ्यायचा, आणि ठमीने हे बघत मोठं व्हायचं. त्याने एकदा पुन्हा खरं सांगितलं आणि मी पुन्हा मानलं नाही, तर तो पुन्हा त्याच रस्त्याने जाईल. मला ते ओझं उचलवत नाही.

ती तुझ्यावर चिडलेली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, चिडलेल्या बाईला मी वळवू शकते.

काल ठमीचं नाव इथल्या शाळेत घातलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. मी जेवले नाही. मग ठमी जेव म्हणाली तेव्हा जेवले, म्हणजे तुझ्यासारखंच, चव न लागता. ही बरोबर बोलते की चूक, मला ठरवता येत नाही. एवढं वय झालं, आणि घरातल्या दोन माणसांत खरं कोण हे सांगता येत नाही, कारण दोघंही खरं बोलताहेत.

तुला ये म्हटलं तर ती नाही म्हणत नाही. दिवसा यायचं, ठमीला भेटायचं, संध्याकाळच्या गाडीने जायचं. आणि गोळीचं म्हणशील तर आजवर तू ती तिच्या परत येण्यासाठी घेत होतास. आता ते कारण गेलं. दुसरं मला सुचत नाही. माझ्यासाठी घे म्हणायला मी किती दिवसांची?

लोभ आहे, लांब्या. आज त्यात विनोद सापडत नाही.

आजी

⁂

ता. १५ एप्रिल

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अंगणात लाकूड घासता घासता वाचलं, भुसा उडाला त्यावर, म्हणून खालच्या ओळी दोनदा वाचाव्या लागल्या. दोन्ही वेळा तेच होतं.

ती म्हणते ते मी समजू शकतो. पटत नाही, समजतं. तिला सांग की पटवायला मी येणार नाही. म्हणजे तिला सांगायची गरज नाही, तीच वाचते आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. ठमीला आधी सांगून ठेवा. मला बघून दचकायला नको. वाळलोय, तुला आणखी लांब दिसेन. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, पोट अजून नखरे करतं, थोडं थोडं खावं लागतं.

पत्र वाचल्यावर संध्याकाळी खोलीत आलो आणि बराच वेळ पलंगाच्या काठावर बसलो. समोर गोळी होती. तू म्हणालीस तसं कारण शोधत होतो. सापडलं नाही. पावाचा एक तुकडा बळेच खाल्ला आणि घेतली. पोटात ढवळलं, तोंडात पाणी जमलं, मोरीपर्यंत जाऊन भिंत धरून उभा राहिलो. पण आज ती आतच राहिली.

तुमच्या दोघींचा लोभ जेवढा उरला असेल तेवढा असू द्यावा, मागणं नाही.

तुझा लांब्या